जागा कधी निघणार?

२०२४च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या शास्त्री रस्त्यावर स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींनी रात्रभर ठिय्या दिला. २५ ऑगस्टची राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुढे ढकला, कारण त्याच दिवशी आयबीपीएसची बँकेची परीक्षा आहे. शिवाय कृषी खात्याची २५८ पदे याच परीक्षेत धरा, एवढीच मागणी होती. २२ तारखेला महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने परीक्षा पुढे ढकलली. दीड वर्ष आधी, फेब्रुवारी २०२३मध्ये, अलका चौकात असेच आंदोलन झाले होते. नवी वर्णनात्मक पद्धत एवढ्यात नको, २०२५पासून लावा, ही तेव्हाची मागणी, आणि तीही मान्य झाली. त्याच्याही आधी, मार्च २०२१मध्ये, ही मुले याच भागात रस्त्यावर आली होती ती नेमक्या उलट कारणासाठी. २०२०च्या एप्रिलपासून लांबत आलेली पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर आलेली असताना आयोगाने पुन्हा पुढे ढकलली म्हणून.

परीक्षा घ्या म्हणून आंदोलन आणि घेऊ नका म्हणूनही आंदोलन. घरी बातम्या बघणारा माणूस वैतागून विचारतो, यांना हवंय तरी काय? प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर निवेदनाच्या कागदात सापडत नाही. निवेदनात तारीख असते, पदसंख्या असते, फार तर एखाद्या अधिकाऱ्याच्या राजीनाम्याची मागणी असते. त्यामागचा संताप मात्र गेलेल्या वर्षांचा असतो. गेल्या दहा वर्षांतली महाराष्ट्रातली तरुणांची आंदोलने, परीक्षांची काय आणि आरक्षणाची काय, एकत्र ठेवून पाहिली तर काम नाही हे दुःख दुसऱ्या क्रमांकावर येते. काम मिळेल की नाही हेच कळत नाही आणि ते कळण्याची वाट पाहण्यात पंचविशी, तिशी निघून जाते, हे पहिले दुःख.

आकडेही हेच सांगतात, फक्त ते नीट वाचावे लागतात. केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणानुसार १५ ते २९ वयोगटातला बेरोजगारीचा दर २०१७-१८मध्ये १७.८ टक्के होता, तो २०२३-२४मध्ये १०.२ टक्क्यांवर आला. सत्ताधारी हा आकडा आनंदाने सांगतात आणि तो खोटा नाही. पण या मोजणीत वर्षभरात तीस दिवस पूरक काम केलेलाही रोजगारवाला ठरतो, आणि घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी राबणारी मुलगीही ठरते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी मार्च २०२४मध्ये काढलेल्या रोजगार अहवालात याची दुसरी बाजू दिसते. २०२२मध्ये लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेरोजगारी ३.४ टक्के होती, तर पदवीधर तरुणांत २९.१ टक्के. न शिकलेल्याला बेकार राहणे परवडत नाही. तो मिळेल त्या कामावर जातो आणि आकड्यातून बाहेर पडतो. शिकलेला थांबतो, कारण थांबण्यासाठी त्याच्यामागे कुणीतरी पैसे घालत असते.

मला सर्वांत बोलका वाटतो तो अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३च्या अहवालातला तपशील. पंचविशीच्या आतल्या पदवीधरांत बेरोजगारी ४२ टक्क्यांच्या वर, आणि तीस ते चौतीस वयात तीच दहा टक्क्यांच्या आत. म्हणजे शेवटी सगळेच कुठे ना कुठे लागतात. कुठे लागतात, हे तो आकडा सांगत नाही. कुणी सेतू केंद्र टाकतो, कुणी भावाच्या टेम्पोवर बसतो, कुणी ज्या क्लासमध्ये शिकला तिथेच चालू घडामोडी शिकवतो, कुणी गावी जाऊन बापाची शेती बघतो. क्रेग जेफ्री या अभ्यासकाने मेरठमधल्या अशा वर्षानुवर्षे थांबलेल्या तरुणांवर २०१०मध्ये ‘टाइमपास’ नावाचे पुस्तक लिहिले. त्याने तिथे जे पाहिले ते पुण्याच्या सदाशिव पेठेत, छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात किंवा लातुरात पाहायला मिळते. फरक एवढाच की आपल्याकडची मुले टाइमपास करताना दिसत नाहीत. ती दिवसाचे दहा-बारा तास अभ्यास करताना दिसतात.

हा असंतोष काही आजचा नाही. १९६६मध्ये शिवसेना उभी राहिली ती मुंबईतल्या मराठी तरुणाच्या नोकरीच्या प्रश्नावर. ‘मार्मिक’मधून कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जात होत्या आणि त्या वाचून गिरगाव-लालबागचा मॅट्रिक झालेला मुलगा पेटत होता. पुढे स्थानीय लोकाधिकार समित्यांनी बँकांत, विमा कंपन्यांत, विमानतळावर मराठी मुले लावली, हेही खरे. १९७२च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी रुजली, १९७७मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम देणारे हे देशातले पहिले मोठे पाऊल. पण ते काम खडी फोडण्याचे आणि बंडिंगचे होते. ‘सुशिक्षित बेकार’ त्यात बसत नव्हता आणि आजही बसत नाही. १९७४मध्ये शेजारच्या गुजरातेत वसतिगृहाच्या मेसबिलावरून पेटलेल्या नवनिर्माण आंदोलनाने चिमणभाई पटेलांचे सरकार घालवले. मेसबिल हे निमित्त असते, ही गोष्ट राज्यकर्त्यांना तेव्हाही उशिराच कळली होती.

साठच्या दशकातल्या रागासमोर कंपनी होती, कारखाना होता, साहेब होता. १९८२च्या गिरणी संपानंतर मुंबईतली ती दुनियाच ओसरली. चाकण, रांजणगाव, वाळूजला नवे कारखाने आले, पण त्यांच्या दाराशी ठेकेदार बसला. आयटीआय झालेला मुलगा तिथे पंधरा-वीस हजारांवर लागतो, काही महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळतो, मग दुसऱ्या ठेकेदाराकडून त्याच गेटातून पुन्हा आत. याच्या शेजारी तलाठ्याची वेतनश्रेणी ठेवा: मूळ वेतनच २५,५०० पासून सुरू, त्यावर महागाई भत्ता, घरभाडे, रजा आणि बदलीची कटकट असली तरी साठीजवळपर्यंतची हमी. सरकारी नोकरीचे वेड, मानसिकता बदलली पाहिजे, उद्योजक व्हा, असे भाषणात सांगणाऱ्यांनी हे दोन पगार शेजारी मांडून पाहावेत. मुले वेडी नाहीत, ती हिशेब करतात. खासगीत खालच्या पायरीवर कायम नोकरी नावाची वस्तू उरलेली नाही आणि सरकारात ती अजून थोडी आहे, म्हणून सगळी गर्दी तिथे. मोठ्या पगाराची अभियांत्रिकीवाली मुले याला अपवाद. ती शास्त्री रस्त्यावर बसत नाहीत.

गर्दीचे दुसरे टोक शेतात आहे. कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा १९७०-७१मध्ये ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६मध्ये ती १.३४ हेक्टर उरली. दोन भावांत ती वाटली की कुणाचेच भागत नाही, आणि शेती करणाऱ्याला मुलगी कुणी देत नाही. डिसेंबर २०२२मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला, आम्हाला बायको मिळवून द्या म्हणून. वाहिन्यांनी तो गंमत म्हणून दाखवला. त्यामागे घसरलेले मुलींचे प्रमाण होते, तसे ‘नोकरीवालाच पाहिजे’ हेही होते. मुलींचीही बाजू आहे. पेठेतल्या अभ्यासिकेत बसलेल्या मुलीला घरून बहुतेक वेळा दोन वर्षांची मुदत असते: तेवढ्यात झाली तर झाली, नाहीतर स्थळ बघायचे. आयोगाची एक परीक्षा सहा महिने लांबली की मुलाचे सहा महिने जातात, मुलीची परीक्षाच जाते. आंदोलनाच्या छायाचित्रांत पुढच्या रांगेत मुली का असतात, याचे हे एक कारण.

जाहिरात ते नियुक्ती हा प्रवास बाहेरच्याला कळत नाही, म्हणून थोडा सविस्तर सांगतो. खाते रिक्त पदांचे मागणीपत्र आयोगाला पाठवते. ते कधी पाठवायचे यावर आयोगाचा ताबा नसतो. मग जाहिरात, पूर्व, मुख्य, मुलाखत. शारीरिक चाचणी असेल तर तीही. निकालावर हरकती, कोणी ना कोणी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये, जातो, तिथून उच्च न्यायालयात. शिफारस झाली की कागदपत्र पडताळणी, वैद्यकीय, चारित्र्य पडताळणी, आणि मग नियुक्तीपत्राची वाट. गावात ‘साहेब झाला’ म्हणून फ्लेक्स लागतो, मिरवणूक निघते, आणि पुढे वर्षभर साहेब घरीच असतात. २०२१च्या जूनमध्ये पुण्यातल्या एका चोवीस वर्षांच्या अभियंत्याने आत्महत्या केली. तो पूर्व आणि मुख्य परीक्षा पास झालेला होता. मुलाखत होत नव्हती. विधिमंडळात गदारोळ झाला, आयोगाच्या सदस्यांच्या रिकाम्या जागा भरण्याची घोषणा झाली. सदस्यच पुरेसे नसल्याने मुलाखती अडत होत्या, हे राज्याला त्या मुलाच्या मरणाने कळले.

आयोगाबाहेरच्या सरळसेवा भरतीची कथा याहून वाईट. भरती परीक्षांसाठीच्या महापरीक्षा पोर्टलविरुद्ध इतक्या तक्रारी झाल्या की २०२०मध्ये ते बंद करावे लागले. २०२१मध्ये आरोग्य विभागाची परीक्षा आदल्या रात्री रद्द झाली, नंतर घेतली तर पेपर फुटला. त्याच डिसेंबरात म्हाडाची परीक्षा ज्या दिवशी होती त्या दिवशी पहाटे रद्द केल्याचे जाहीर झाले. तोवर गडचिरोली-नंदुरबारची मुले रात्रभराचा एसटीचा प्रवास करून केंद्राच्या गावी पोचली होती. शिक्षक पात्रता परीक्षेच्या गैरव्यवहारात तर परीक्षा परिषदेच्या आयुक्तालाच अटक झाली. २०२३च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले, खुल्या गटाला शुल्क एक हजार रुपये. वेगवेगळ्या सत्रांतल्या प्रश्नपत्रिकांचे गुण समान पातळीवर आणण्याच्या सूत्राने निकालात कुणाला दोनशेपैकी दोनशेहून जास्त गुण पडले. हे सूत्र संख्याशास्त्राला धरून असेल, पण तो निकाल ज्या मुलांनी आरोग्य आणि म्हाडाचे पेपर फुटलेले पाहिले होते त्यांच्या हातात पडला. त्यांनी सूत्राचा अभ्यास न करता आझाद मैदानाची वाट धरली, यात नवल ते काय? पुढे २०२४मध्ये केंद्राने आणि राज्यानेही पेपरफुटीविरुद्ध कायदे केले. केंद्राच्या कायद्यात संघटित टोळ्यांना दहा वर्षांपर्यंत कैद आणि किमान एक कोटी दंड आहे. उशीर झालेल्या निकालाला, अडकलेल्या नियुक्तीला मात्र कुठलाही दंड नाही.

त्याच वर्षीच्या पोलीस भरतीचे मैदान ज्याने पाहिले त्याला आकडेवारीची गरज नाही. १७,४७१ जागा, सतरा लाखांच्या वर अर्ज, आणि मैदानी चाचणी जूनमध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर. मुले आदल्या रात्री येऊन पुलाखाली, फुटपाथवर, बंद दुकानांच्या ओट्यांवर पथारी टाकत होती. बॅगेत स्पाइकचे बूट, केळी, ग्लुकोजचा पुडा आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रांची फाइल. ती भिजली तर सगळेच गेले. पहाटे रांग, छातीचे माप, मग सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक: पन्नास गुण. चिखलात एका पावलाने घसरलेला मुलगा उठून उरलेले अंतर पळतो, कारण गावी जाऊन ‘घसरलो’ म्हणायची त्याची तयारी नसते. यात एमए, बीएस्सी, इंजिनिअर सगळे असतात. मूळ पात्रता बारावीची आहे.

आता आरक्षण. २०१६मध्ये कोपर्डीच्या अत्याचारानंतर निघालेले मराठा मूक मोर्चे, २०१८चा कायदा, ५ मे २०२१ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करणे, सप्टेंबर २०२३चा अंतरवाली सराटीतला लाठीमार, मनोज जरांगे पाटील यांची उपोषणे, फेब्रुवारी २०२४चा दहा टक्क्यांचा नवा कायदा, २०२५च्या ऑगस्टअखेर आझाद मैदान आणि २ सप्टेंबरचा हैदराबाद गॅझेटचा निर्णय, हा क्रम वाचकांना पाठ आहे. त्याला उत्तर म्हणून ओबीसींचीही उपोषणे झाली, वडीगोद्रीला लक्ष्मण हाके बसले. ही दोन्ही आंदोलने केवळ नोकरीची आहेत असे मी म्हणणार नाही. त्यांत मानाचा, सत्तेचा, गावातल्या जागेचा प्रश्न आहे. पण त्यात पायाला फोड येईपर्यंत चालणारा जो पंचविशीतला मुलगा आहे तो पेठेतल्या त्याच अभ्यासिकेतून आलेला आहे. शेजारच्या टेबलावरचा मित्र चार गुणांनी कमी असून यादीत लागला आणि आपण राहिलो, एवढे त्याला दिसते. त्या यादीत जागाच किती होत्या, हे दोघांनाही दिसेनासे होते. राज्य सरकारच्या मंजूर पदांपैकी दोन लाखांहून अधिक रिकामी आहेत. ती भरली असती तर भांडण मिटले असते असे नाही, पण निदान वाटणीला काहीतरी असते.

दुसरे असे की आरक्षण ज्या जागांना लागू होते त्या जागाच मागच्या दाराने कमी होत आहेत. सफाई, सुरक्षा, डेटा एन्ट्री, वाहनचालक, शिपाई या जागा ठेक्यावर गेल्या की ठेकेदार आरक्षणाची बिंदुनामावली बघत नाही. सप्टेंबर २०२३मध्ये राज्य सरकारने नऊ खासगी कंपन्यांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय काढला, तेव्हा सर्व जातींची मुले एकाच फलकाखाली रस्त्यावर आली. २० ऑक्टोबरला तो रद्द झाला. महाराष्ट्रातल्या अलीकडच्या आंदोलनांत मला हे सर्वांत महत्त्वाचे वाटते आणि त्याची आठवण सर्वांत कमी काढली जाते. कदाचित त्यात कुणाची जात विरुद्ध नव्हती म्हणून.

इतर ठिकाणी हा राग वेगळ्या रीतीने फुटला. रेल्वेच्या ३५ हजार जागांसाठी सव्वा कोटी अर्ज आले होते. जानेवारी २०२२मध्ये निकालाच्या पद्धतीवरून बिहारमध्ये मुलांनी रूळ अडवले, गयेत डबे पेटले. त्याच वर्षी जूनमध्ये लष्करभरतीच्या अग्निपथ योजनेविरुद्ध सिकंदराबाद स्टेशनावर गोळीबारात एक तरुण गेला. बांगलादेशात २०२४च्या जुलैत सरकारी नोकऱ्यांतल्या ५६ टक्के राखीव जागांवरून विद्यार्थी उठले. न्यायालयाने त्या सात टक्क्यांवर आणल्या तोवर शंभराहून अधिक माणसे मेली होती, आणि ५ ऑगस्टला शेख हसीना देश सोडून गेल्या. पुण्यात असे का होत नाही? मराठी मुले शहाणी, असे म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेण्यात अर्थ नाही. एक साधे कारण समोर आहे. सरकारी नोकरीसाठी आंदोलन करणाऱ्याला एक गुन्हा दाखल झाला की चारित्र्य पडताळणीत तीच नोकरी हुकू शकते. रेल्वेने २०२२मध्ये आंदोलकांना आयुष्यभर भरतीतून बाद करण्याची नोटीस काढली होती, आणि अग्निवीर होणाऱ्याने आपण जाळपोळीत नव्हतो असे लिहून द्यावे, असे लष्कराने जाहीर केले होते. म्हणून शास्त्री रस्त्यावर मुले रात्री मोबाइलच्या उजेडात पुस्तक उघडून बसतात, नेत्यांची रीघ लागते, आणि पोलीस नावे टिपायला लागले की मागच्या रांगा पातळ होतात.

नेत्यांची रीघ हाही एक विषय आहे. विरोधात असताना प्रत्येक पक्षाने या मुलांना भेट दिली आहे आणि सत्तेत आल्यावर प्रत्येकाने समिती नेमली आहे. निवडणुकीआधी काही रक्कम हातात ठेवण्याची पद्धत आता पडली आहे. २०२४मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली: बारावीला सहा हजार, आयटीआय किंवा पदविकेला आठ, पदवीला दहा हजार रुपये महिना, सहा महिने. मुले ग्रामपंचायतीत, शाळेत, तहसील कार्यालयात बसली आणि तिथली रिकामी टेबले चालवू लागली. मुदत संपली, पाच महिने वाढवून दिली, तीही संपली. मग ही ‘प्रशिक्षणार्थी’ मुले, आम्हाला कायम करा, म्हणून मोर्चे काढू लागली. असंतोषावर उतारा म्हणून काढलेल्या योजनेतून एक नवा आंदोलक वर्ग तयार झाला. त्यांचा मुद्दा खोडून काढणे सोपे नाही: काम होते, टेबल रिकामे होते, आम्ही ते केले, मग प्रशिक्षण कशाचे?

या सगळ्यात सरकारला देण्यास सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे वयोमर्यादेतली सवलत. तिला खजिन्यातून दमडी लागत नाही. खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही मर्यादा आधीच लांबलचक आहे. मार्च २०२३मध्ये तिच्यात दोन वर्षांची शिथिलता दिली गेली, कारण कोरोनात भरती झाली नव्हती. कारण खरे होते. असा निर्णय आला की टेलिग्रामच्या ग्रुपांवर दोन तट पडतात. वय उलटलेले आभार मानतात, बावीस-तेवीसची मुले चिडून लिहितात की जागा तेवढ्याच आणि आमच्यासमोर आणखी दहा वर्षांच्या अनुभवाचे लोक उभे केले. ग्रुपचा अ‍ॅडमिन दोघांनाही भांडू नका म्हणून दटावतो आणि खाली पुढच्या टेस्ट सिरीजची लिंक टाकतो.